विलायतेंतील बिऱ्हाडें

घर आणि बिऱ्हाड या दोन शब्दांत मराठी भाषेनें जो भेद राखला आहे तो मोठा मार्मिक आहे. घर बांधतात, बिऱ्हाड करतात, आणि वेळ आली कीं हालवितात. घराला पाया लागतो, बिऱ्हाडाला चूल पुरते. नोकरीसाठीं, विद्येसाठीं किंवा कोर्टकचेरीच्या कामासाठीं परगांवीं गेलेला मनुष्य तेथें वर्षानुवर्षें राहिला तरी स्वतःच्या मनाशीं तो बिऱ्हाडकरूच असतो. मग तें परगांव पुणें असो, नाहीं तर सात समुद्रांपलीकडचें लंडन असो.

आज मला बोलावयाचें आहे तें लंडनमधल्या अशा कांहीं बिऱ्हाडांविषयीं. विलायतेस जाऊन आलेल्या आपल्या लोकांचा इतिहास आपण बहुधा त्यांच्या कामगिरीच्या बाजूनें वाचतों. कोणीं कोणती परीक्षा दिली, कोणीं पार्लमेंटाच्या दारीं काय गाऱ्हाणें नेलें, हें आपणांस पाठ असतें. परंतु त्या मनुष्यानें पहिल्या रात्रीं काय खाल्लें, खोलीचें भाडें कोठून दिलें, आणि परत आल्यावर त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं पाणी दिलें कीं नाहीं, या गोष्टी चरित्रकार दोन ओळींत उरकून टाकतात. वास्तविक त्या माणसाचे परदेशांतले दिवस याच गोष्टींत गेलेले असतात, आणि पुष्कळदां त्याच्या पुढच्या आयुष्याचें वळणहि यांतूनच ठरलेलें असतें.

या कथेचा आरंभ राघोबादादांपासून करावा लागतो. पेशवाईच्या गादीसाठीं दादांनीं इंग्रजांचा हात धरला. १७७५ चा सुरतेचा तह, पुढल्या वर्षींचा पुरंदरचा तह, १७७९ मध्यें वडगांवास झालेली इंग्रजांची नामुष्की, हा सर्व इतिहास श्रोत्यांच्या परिचयाचा आहे. मुंबईकर इंग्रज एक बोलतात आणि कलकत्तेकर दुसरेंच करतात, हा अनुभव आल्यावर दादांनीं थेट विलायतेसच वकील धाडले. हनुमंतराव नांवाचा एक ब्राह्मण, आणि त्याच्याबरोबर मणियार रतनजी व त्याचा मुलगा कर्सेटजी मणियार हे दोघे पारशी, अशी ही मंडळी १७८१ सालीं लंडनांत होती. त्या काळीं आफ्रिकेस वळसा घालून जाणाऱ्या गलबतास पांच-सहा महिने सहज लागत. आपल्या धन्याचें राज्य परत मिळवून देण्यासाठीं एवढ्या लांब जाणें हें धाडसच होतें. परंतु हनुमंतरावाच्या दृष्टीनें खरें धाडस बोटींतून उतरल्यावर सुरू झालें असावें.

कारण लंडनांत बिऱ्हाड करावयाचें म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवर विसंबावयाचें. खोली भाड्यानें मिळे, पण स्वयंपाक तळघरांत घरमालकिणीच्या नोकरचाकरांच्या हातीं. कोळशाची शेगडी, तिच्यावर जें शिजत आलें त्याच भांड्यांत पुन्हां शिजणार. पाणी कोणीं भरलें याचा पत्ता नाहीं. पारशी पितापुत्रांना या गोष्टींची अडचण त्या मानानें थोडी. ब्राह्मणाचें मात्र सगळें सोंवळें त्या तळघरांतल्या शेगडीपाशीं अडलें. ज्यांच्याकडे तो वकील म्हणून गेला त्यांना त्याची ही अडचण समजत नव्हती, आणि समजून घेण्याची कोणाला फारशी निकडहि नव्हती.

ती समजली एका माणसाला. एडमंड बर्क हा पार्लमेंटाचा प्रख्यात वक्ता. वॉरन हेस्टिंग्जवरचा खटला पुढें यानेंच चालविला. वकील मंडळीचे हाल होत आहेत असें पाहून बर्कनें त्यांना लंडनपासून सुमारें चोवीस मैलांवर, बीकन्सफील्डजवळच्या आपल्या घरीं नेलें, आणि बागेंत नाजूक झाडें थंडीपासून जपण्यासाठीं जें कांचेचें घर होतें तें हनुमंतरावाच्या स्वाधीन केलें. तेथें त्यानें आपल्या हातानें स्वयंपाक करावा, स्नानसंध्या करावी, कोणीं मध्यें येऊं नये. अठराव्या शतकांतल्या एका कोंकणस्थ पेशव्याचा वकील इंग्रज मुत्सद्याच्या बागेंत, कांचेच्या भिंतींआड, आपला भात शिजवीत बसला आहे, हें चित्र माझ्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. परदेशांत राहणाऱ्याला दुसऱ्याचें औदार्य किती उपयोगी पडतें, आणि त्याबरोबरच तो किती उघडा पडतो, हीं दोन्ही त्यांत आलीं. त्या घरांत बाहेरच्यानें शिरावयाचें नव्हतें. पण भिंती कांचेच्या!

बर्कनें राघोबादादांस एक पत्र पाठविलें. आमच्या लोकांस तुमच्या चालीरीति ठाऊक नसल्यामुळें तुमच्या वकिलास पुष्कळ त्रास सोसावा लागला, परंतु त्यानें आपला आचार सांभाळला, अशा आशयाचा मजकूर त्यांत आहे. राजकारणाच्या पत्रव्यवहारांत एका परधर्मीयानें दुसऱ्याच्या सोंवळ्याची ग्वाही द्यावी, असा प्रकार क्वचितच आढळेल. राजकारण मात्र कांहींच साधलें नाहीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें इंग्रजांनीं दादांचा पक्ष सोडला, आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस कोपरगांवीं दादांचा शेवट झाला.

आतां बर्कची ग्वाही आपल्याकडे कितपत चालली? १७९९ च्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ मध्यें विल्फर्ड नांवाच्या संशोधकानें लिहून ठेवलें आहे कीं, समुद्र ओलांडून परत आलेल्या राघोबादादांच्या वकिलांना पुनर्जन्माचा विधि करावा लागला. शुद्ध सोन्याची योनि घडवून तींतून त्यांना पार व्हावें लागलें, आणि मग ते पुन्हां जातींत आले. बागेंतल्या कांचेच्या घरांत राखलेलें सोंवळें येथें हिशेबांत धरलें गेलें नाहीं. इंग्लंडांत तो आचारनिष्ठ म्हणून अडला, आणि येथें आचार बुडाला म्हणून अडला. परदेशांत बिऱ्हाड केलेल्या माणसाचे हे दुहेरी हाल पुढें शंभर वर्षें तसेच चालू राहिले.

मधल्या काळांतलें एक बिऱ्हाड सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, जरी त्याची हकीकत थोडक्यांत सांगणें म्हणजे त्याच्यावर अन्याय करणें आहे. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ च्या सप्टेंबरांत पदच्युत होऊन काशीस रवाना झाले. त्यांच्या बाजूची दाद विलायतेंत मागण्यासाठीं जीं माणसें गेलीं त्यांतले रंगो बापूजी गुप्ते हे १८४० च्या सुमारास लंडनास पोंचले आणि १८५३ च्या अखेरीपर्यंत तेथेंच राहिले. काम दोन-तीन वर्षांत उरकेल अशी कोणाचीहि कल्पना झाली असती. लेडनहॉल रस्त्यावरच्या कंपनीच्या कचेरींत भागीदारांच्या सभा व्हाव्या, जॉर्ज थॉम्पसनसारख्या वक्त्यानें तासन् तास भाषणें करावीं, जोसेफ ह्यूम यांनीं पार्लमेंटांत साताऱ्याचे कागद मागावे, आणि शेवटीं मतें घेतलीं कीं प्रश्न पुन्हां होता तेथें. असें किती वेळां झालें! १८४७ मध्यें महाराज काशीस वारले. १८४८ मध्यें साताऱ्याच्या गादीवरचे शहाजी राजेहि वारले, आणि डलहौसीनें राज्य खालसा केलें. ज्याच्यासाठीं वकील आला तो धनी गेला, ज्या राज्यासाठीं आला तें राज्य गेलें, तरी लंडनांतलें बिऱ्हाड मोडलें नाहीं. महाराजांच्या कुटुंबाच्या वतीनें रंगो बापूजी आणखी पांच वर्षें तसेच झगडत राहिले.

या चौदा वर्षांत त्यांनीं भाड्याचें, लांकूडफाट्याचें, छपाईचें आणि टपालाचें काय केलें असेल? कारण लंडनांत गाऱ्हाणें मांडावयाचें म्हणजे तें छापून वांटावें लागे, आणि छपाईस रोकड लागे. धनी गेल्यावर रोकडीची वाट बंद झाली. शेवटीं ज्या कंपनीविरुद्ध ते आयुष्याचीं उत्तम वर्षें भांडले, त्याच कंपनीनें त्यांचें कर्ज वारण्यास पैसे दिले आणि परतीचें भाडेंहि भरलें. इंग्रज इतिहासकार ही गोष्ट कंपनीच्या उदारतेचा दाखला म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाहीं. ऋणकोला गांवाबाहेर काढण्यासाठीं त्याची गाडी भाड्यानें ठरवून देण्यासारखा तो प्रकार आहे. रंगो बापूजी परत आले. १८५७ मध्यें साताऱ्यास उठावाचा कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं गेंडामाळावर सतरा जणांना देहांत शासन झालें, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी कोठें गेले तें कोणासहि कळलें नाहीं. प्रबोधनकार ठाकरे यांनीं त्यांचें चरित्र मराठींत लिहिलें आहे. ज्यांना ही कथा विस्तारानें हवी त्यांनीं तें वाचावें.

पुढें १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, आणि मुंबई ते लंडन हा प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला. वकिलांच्या जागीं आतां विद्यार्थी जाऊं लागले. त्यांतल्या एकानें आपल्या बिऱ्हाडाचा हिशेब इतक्या बारकाईनें लिहून ठेवला आहे कीं, त्या काळच्या लंडनचें अर्थशास्त्र त्यावरून मांडतां यावें. हा विद्यार्थी म्हणजे मोहनदास करमचंद गांधी.

४ सप्टेंबर १८८८ रोजीं तो मुंबईहून निघाला, तत्पूर्वीं मुंबईंतल्या त्याच्या जातीनें सभा भरवून त्याला बहिष्कृत केलें होतें. जो त्याला मदत करील किंवा निरोप देण्यास धक्क्यावर जाईल त्याला सवा रुपया दंड! महिन्याच्या अखेरीस, शनिवारीं, तो लंडनास उतरला तेव्हां अंगांत पांढरा फ्लॅनेलचा पोषाख. सप्टेंबरच्या अखेरीस असा पोषाख घालणारा तो एकटाच. बाकीचे कपडे सामानाबरोबर, आणि सामान सोमवारीं मिळणार, कारण मध्यें रविवार. व्हिक्टोरिया हॉटेलांत उतरला, तेथें एक पदार्थ आवडला नाहीं म्हणून दुसरा मागावा तर पैसे दोन्हींचे द्यावे लागत. तीन पौंडांचें बिल झालें आणि पोट रिकामेंच राहिलें. डॉक्टर प्राणजीवन मेहता भेटीस आले, त्यांच्या उंच रेशमी टोपीवरून या पोरानें उलट्या बाजूनें हात फिरविला. मेहतांनीं त्याला तेथेंच थांबविलें. कोणाच्या वस्तूला हात लावूं नये, पहिल्या भेटींत प्रश्न विचारूं नये, मोठ्यानें बोलूं नये. ही त्याची विलायती शिष्टाचाराची पहिली शिकवणी.

आईपाशीं त्यानें मांस, मद्य आणि परस्त्री वर्ज्य करण्याची शपथ घेतली होती. हनुमंतरावाला जसें सोंवळें, तशी याला ही शपथ. फरक एवढाच कीं येथें कांचेचें घर देणारा कोणी बर्क नव्हता. रिचमंडला एका मित्राकडे महिनाभर, नंतर वेस्ट केन्सिंग्टनमध्यें एका विधवा बाईच्या घरीं. सकाळीं ओटाची लापशी बरी लागे; दुपारीं आणि रात्रीं पालक, पाव आणि मुरंबा. पावाचे दोन-तीन तुकडे संपले कीं आणखी मागण्याचा संकोच. घरमालकिणीच्या दोन मुली त्याला आग्रहानें जास्त तुकडा वाढीत, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या भुकेला तो कुठवर पुरणार? श्रोत्यांपैकीं जे कोणी खाणावळींत राहिले असतील त्यांना हा संकोच नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं.

मग तो भटकूं लागला. शाकाहारी उपाहारगृहें लंडनांत आहेत एवढें बाईनें सांगितलें होतें. रोज दहा-बारा मैल चालावें, एखाद्या स्वस्त दुकानांत पोटभर पाव खावा, आणि तरीहि तृप्ति होऊं नये, असें चाललें असतां एके दिवशीं फॅरिंग्डन रस्त्यावर त्याला सेंट्रल नांवाचें शाकाहारी उपाहारगृह सांपडलें. दारापाशीं विक्रीस ठेवलेल्या पुस्तकांतून सॉल्ट यांचें शाकाहाराचें समर्थन करणारें पुस्तक त्यानें एक शिलिंग देऊन घेतलें, आणि मग आंत जाऊन विलायतेंत आल्यापासूनचें पहिलें पोटभर जेवण जेवला. मोठ्या माणसांच्या मतपरिवर्तनाच्या कथा आपण फार गंभीरपणें सांगतों. येथें आधीं भूक होती, मग जेवण, आणि मग विचार. आतांपर्यंत आईच्या शब्दाखातर पाळलेला शाकाहार तो त्या पुस्तकानंतर स्वतःच्या बुद्धीनें पाळूं लागला.

याच्या पुढचा भाग थोडा हास्यास्पद आहे, आणि गांधींनीं तो लपविलेला नाहीं. मांस खात नाहीं तर निदान बाकीच्या बाबतींत तरी सभ्य गृहस्थ व्हावें, म्हणून त्यानें एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड रस्त्यावर दहा पौंड खर्चून संध्याकाळचा पोषाख शिवविला, भावाकडून सोन्याचा दुपदरी छडा मागविला, आणि रोज दहा मिनिटें आरशापुढें गळपट्टी बांधण्यांत व केसांचा भांग पाडण्यांत घालविलीं. नाच शिकण्यास तीन पौंड, व्हायोलिनास तीन पौंड, वक्तृत्वाच्या शिक्षकास एक गिनी. नाचांत ताल सांपडेना, व्हायोलिनांत सूर सांपडेना. तीन महिन्यांनंतर हें सर्व त्यानें सोडून दिलें.

आणि येथून खऱ्या अर्थानें बिऱ्हाड सुरू झालें. दुसऱ्याच्या कुटुंबांत राहणें सोडून त्यानें स्वतंत्र दोन खोल्या घेतल्या, आणि त्याहि अशा ठिकाणीं कीं कामाच्या जागीं अर्ध्या तासांत पायीं जातां यावें. गाडीभाडें वांचलें आणि रोज आठ-दहा मैलांचें चालणें झालें. थोड्या दिवसांनीं दोन खोल्यांची एकच खोली केली, एक शेगडी विकत घेतली. सकाळीं ओटाची लापशी आणि कोको घरीं; दुपारचें जेवण बाहेर; रात्रीं पुन्हां पाव आणि कोको. स्वयंपाकास वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नसे. खर्च दिवसाचा एक शिलिंग तीन पेन्स. म्हणजे त्या टोपीच्या किंमतींत पंधरा दिवसांचें जेवण, आणि बाँड रस्त्यावरच्या पोषाखांत पांच महिन्यांचें! रिचमंडमध्यें बेचव लागलेला उकडलेला पालक आतां गोड लागूं लागला. घरून मसाले आणि मिठाई मागविणें बंद झालें. दर पैचा हिशेब लिहून रात्रीं शिल्लक ताळून पाहण्याची संवय याच खोलींत लागली. पुढें ज्या माणसाच्या हातांतून सार्वजनिक चळवळींचे लाखों रुपये गेले, त्यानें हिशेबाची शिस्त लंडनच्या एका शेगडीपाशीं शिकली, हें मला त्याच्या कायद्याच्या परीक्षांहून महत्त्वाचें वाटतें.

या एकांड्या बिऱ्हाडाला एक सोबतीहि मिळाला. नारायण हेमचंद्र नांवाचे गुजराथी लेखक त्या वेळीं लंडनास आले होते. इंग्रजी बेताचें, पोषाख गबाळा, पण जगांतल्या सर्व भाषा शिकण्याची हौस दांडगी. गांधींनीं विलायती पद्धतीनें गाजराचें सार करावें, तें नारायण हेमचंद्रांना रुचूं नये. एके दिवशीं त्यांनीं कोठून तरी मूग पैदा केले, शिजविले, आणि गांधींच्या खोलीवर घेऊन आले. तेव्हांपासून दोघांची देवघेव सुरू झाली: आज यानें कांहीं करून न्यावें, उद्यां त्यानें आणावें. परदेशांत एक वाटी मुगाची काय किंमत असते तें येथें बसून कळावयाचें नाहीं.

१० जून १८९१ रोजीं गांधी बॅरिस्टर झाले, आणि १२ जूनला बोटीवर चढले. मुंबईस उतरल्यावर? थोरले बंधु त्यांना नाशिकास घेऊन गेले, गोदावरींत स्नान घातलें, आणि राजकोटास पोंचल्यावर जातीस जेवण दिलें. गांधींना हें रुचलें नव्हतें. भावाच्या शब्दाखातर त्यांनीं तें केलें. तरीहि जातीच्या एका तटानें बहिष्कार उठविला नाहीं, आणि सासुरवाडीस पाणीदेखील पिण्याची बंदी राहिली. राघोबादादांच्या वकिलांपासून शंभराहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. सोन्याच्या योनीच्या जागीं गोदावरीचें पाणी आलें, एवढाच सुधारणेचा हिशेब.

पुढें विद्यार्थ्यांची संख्या वाढली, तशी भाड्याच्या खोल्यांची अडचणहि वाढली. काळ्या रंगाच्या माणसास खोली नाकारणाऱ्या मालकिणी होत्याच. श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १ जुलै १९०५ रोजीं हायगेटमध्यें, क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरच्या ६५ क्रमांकाच्या घरांत इंडिया हाऊस उघडलें; उद्देशांत राहण्याची सोय होती, आणि जोडीला राजकारण. १९०६ मध्यें विनायक दामोदर सावरकर तेथें राहावयास गेले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर विसंबून राहण्याऐवजीं आपल्या लोकांनीं एकत्र जेवावें, एवढ्यानेंच त्या घराला घराची ऊब आली असेल. आणि त्याच कारणानें त्याच्या दारावर गुप्त पोलिसांचा पहाराहि बसला. १९०९ च्या जुलैंत मदनलाल धिंग्रांनीं कर्झन वायलीचा वध केल्यावर तें बिऱ्हाड मोडलें. लगेच पुढल्या वर्षीं सरकारनें क्रॉमवेल रस्त्यावर २१ क्रमांकाच्या घरांत हिंदी विद्यार्थ्यांसाठीं आपली सोय उघडली. विद्यार्थी कोठें जेवतो याकडे सरकारनें इतक्या काळजीनें लक्ष द्यावें, असा प्रसंग त्यापूर्वीं आला नव्हता.

आतां शेवटचें बिऱ्हाड. भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्यें बडोदें सरकारची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कास कोलंबिया विद्यापीठांत गेले, आणि १९१६ मध्यें तेथून लंडनास आले. शिष्यवृत्तीची मुदत सरली म्हणून १९१७ मध्यें अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावें लागलें. महायुद्ध चालू होतें. त्यांचें जें सामान वेगळ्या बोटीनें निघालें तें पाणतीराच्या हल्ल्यांत बुडालें.

त्यांची कथा मागच्या सर्वांहून उलटी आहे. हनुमंतरावाला आणि गांधींना घर सोडल्याबद्दल प्रायश्चित्त होतें. आंबेडकरांना प्रायश्चित्त कसलें? ज्या समाजानें त्यांना आधींच उंबऱ्याबाहेर ठेवलें होतें, तो समुद्र ओलांडला म्हणून आणखी काय बाहेर काढणार? न्यूयॉर्कांत आणि लंडनांत त्यांनीं खोल्या घेतल्या, त्या इतर कोणाहि विद्यार्थ्यास मिळतात तशा. युरोप-अमेरिकेंत राहून आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच मनांतून पुसून गेली होती, असें त्यांनीं स्वतः पुढें लिहिलें आहे. ती परत आली बडोद्याच्या स्टेशनावर.

करारानें बांधले गेल्याप्रमाणें ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले. प्रश्न एकच: उतरावें कोठें? हिंदूंच्या खाणावळींत जात विचारतील. नांव बदलून राहावें, तर उघडकीस आल्यावर काय होईल तें सांगतां येत नव्हतें. बडोद्यांत मित्र होते, पण ते घरीं ठेवून घेतील याची खात्री नव्हती. तेव्हां पारशांच्या एका धर्मशाळेंत ते गेले. तेथें पारशाखेरीज कोणास ठेवीत नसत. परंतु राखणदाराला पैशांची निकड असल्यामुळें त्यानें वहींत पारशी नांव लिहून घेतलें, आणि दिवसाचा दीड रुपया देऊन जेवणाखाण्यासह सोय झाली. वरच्या मजल्यावर दुसरें कोणी नाहीं, दिवाणखान्यांत मोडकें सामान पडलेलें, रात्रीं एका कंदिलाचा उजेड. कोलंबिया विद्यापीठांत पीएच्.डी. चा प्रबंध सादर केलेला पंडित तेथें खोट्या नांवानें, तोंड मिटून राहत होता. अकराव्या दिवशीं सकाळीं दहा-बारा पारशी हातांत काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची मुदत त्यांनीं मोठ्या मिनतवारीनें दिली. सरकारी बंगला मिळेल या आशेवर अर्ज केला होता, त्याचें उत्तर आलें नव्हतें. दोन मित्रांकडे गेले, एक हिंदु आणि एक ख्रिस्ती. दोघांनींहि अडचणी सांगितल्या. मग कामाठीबागेंत ते रात्रीं आठ वाजेपर्यंत बसून राहिले, आणि मुंबईच्या गाडीनें परत गेले.

ज्याला हडसन नदीच्या कांठीं बिऱ्हाड मिळालें, टेम्सच्या कांठीं मिळालें, त्याला विश्वामित्रीच्या कांठीं मिळालें नाहीं. परदेश म्हणजे कोणता आणि स्वदेश म्हणजे कोणता, या शब्दांचे कोशांतले अर्थ येथें पुरे पडत नाहींत.

अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास लंडन विद्यापीठानें चार वर्षांची सवलत दिली होती. मुंबईस सिडनॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून, पगारांतून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पांच हजार रुपयांचें कर्ज घेऊन, आंबेडकर १९२० च्या जुलैंत पुन्हां लंडनास निघाले. बडोद्याच्या जिन्यावर काठ्या घेऊन आलेले पारशी होते, आणि हें कर्ज देणाराहि पारशीच. हें त्यांचे चरित्र वाचतांना विसरूं नये.

या दुसऱ्या मुक्कामांतलें त्यांचें बिऱ्हाड गांधींच्या बिऱ्हाडाहूनहि काटकसरीचें होतें, आणि येथें कोणतें व्रत नव्हतें, केवळ खिसा रिकामा होता. घरमालकीण कजाग. सकाळीं तिनें दिलेला चहा, पाव आणि एखादा माशाचा तुकडा. त्यावर दिवस काढावयाचा. सकाळीं ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयांत शिरावें आणि संध्याकाळीं बंद होईपर्यंत उठूं नये. १८५७ मध्यें बांधलेल्या त्या मोठ्या घुमटाखालीं, गोलाकार मांडलेल्या टेबलांशीं बसून, यापूर्वीं मार्क्सनें आपलें अर्थशास्त्र लिहिलें होतें. तेथून इंडिया ऑफिसचें ग्रंथालय, विद्यापीठाचें ग्रंथालय. रात्रीं दहाच्या सुमारास पुन्हां भूक लागे. तेव्हां एका ओळखीच्या गुजराथी गृहस्थानें दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजावे आणि बोव्हरिल पाण्यांत घालून प्यावें. गांधींच्या मुगाशेजारीं हा पापड ठेवून पाहावा. त्यानंतर दिवा जळत राही आणि वाचन चालू राही.

या उपासावर काय उभें राहिलें? १९२१ मध्यें एम्.एस्सी., १९२२ च्या जूनमध्यें ग्रेज इनमधून बॅरिस्टरी, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध, ज्यावर १९२३ मध्यें डी.एस्सी. मिळाली. त्याच वर्षीं एप्रिलांत ते मुंबईस परतले.

१९२१-२२ मध्यें ते उत्तर लंडनांत, प्रिमरोज टेकडीजवळ, किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरांत राहत होते. तेथून म्यूझियम दोन-अडीच मैल. २०१५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें तें घर विकत घेतलें, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तेथें स्मारक उघडलें. कांहीं शेजाऱ्यांनीं तक्रार केली, आणि तेथील नगरपालिकेनें हरकत काढली कीं, ही इमारत कुटुंबानें राहण्याची आहे, तिचें संग्रहालय करतां येणार नाहीं. चौकशी झाली, वकील बोलले, आणि २०२० च्या मार्चमध्यें स्मारकास परवानगी मिळाली. दारापाशीं भिंतीवर निळी गोल पाटी आहे. तिच्यावर आंबेडकरांच्या नांवाखालीं, ते येथें राहत होते असें लिहून, मुदत दिली आहे १९२१ ते १९२२.